स्तन-इम्प्लांट शस्त्रक्रियेनंतर घरी परतल्यावर : सीमाभागातील स्त्रियांसाठी मार्गदर्शक

स्तनात इम्प्लांट, म्हणजे सिलिकॉनच्या आवरणाची कृत्रिम पिशवी, बसवण्याची शस्त्रक्रिया मुख्यतः दोन कारणांनी होते. काही स्त्रिया स्तनांचा आकार वाढवण्यासाठी ती स्वेच्छेने करून घेतात, तर काहींचा स्तन कर्करोगामुळे काढावा लागलेला असतो आणि त्याच वेळी किंवा काही काळाने त्याची पुनर्रचना केली जाते. पुनर्रचनेत पुष्कळदा आधी एक्स्पांडर नावाची फुगवता येणारी पिशवी बसवतात, ओपीडीत तिच्यात टप्प्याटप्प्याने सलाइन भरून त्वचा सैल करून घेतात आणि पुढच्या शस्त्रक्रियेत तिच्या जागी इम्प्लांट बसवतात. कारण कोणतेही असो, रुग्ण फार दिवस दवाखान्यात राहत नाही. आकार वाढवण्याची शस्त्रक्रिया झालेली स्त्री त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आणि पुनर्रचना झालेली स्त्री थोड्या दिवसांत घरी येते, आणि खरी काळजी तिथूनच सुरू होते.

हा लेख बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या बाजूच्या मराठी कुटुंबांतील स्त्रियांसाठी व त्यांची देखभाल करणाऱ्यांसाठी आहे. ज्या सर्जनने शस्त्रक्रिया केली, त्यांच्या सूचना येथील मजकुरापेक्षा वेगळ्या असतील तर त्यांच्याच सूचना पाळाव्यात, कारण इम्प्लांट स्नायूच्या वर बसवले की खाली, ड्रेन (जखमेतील रक्त व पाणी बाहेर काढणारी नळी) ठेवला की नाही, काखेतील गाठी काढल्या की नाही, यावर पथ्याचे दिवस बदलतात. माझ्या मते आपल्या भागात घरी आल्यावर उद्‌भवणाऱ्या तक्रारींचे मोठे कारण म्हणजे हातांना वेळेआधी लागणारे घरकाम. ‘विश्रांती घे’ असे सगळेच सांगतात, परंतु भाकरी कोण थापणार आणि पाणी कोण भरणार, हे कोणी ठरवत नाही. या काळात विश्रांती हवी ती हातांना आणि छातीला. पाय मात्र पहिल्या दिवसापासून चालते ठेवायचे असतात.

शस्त्रक्रियेच्या आधी घरात करून ठेवायची तयारी

सर्वांत आधी झोपण्याची जागा पाहावी. जमिनीवर अंथरूण टाकून झोपण्याची सवय असेल तर काही आठवडे ती बाजूला ठेवावी लागेल, कारण जमिनीवरून उठताना माणूस नकळत तळहातांवर भार देतो आणि तो भार थेट छातीच्या स्नायूवर येतो. भिंतीला लागून असलेली कॉट किंवा दिवाण घ्यावा, आणि पाठीमागे उशा किंवा गुंडाळलेल्या गोधड्या अशा रचाव्यात की डोके व पाठ तीस ते पंचेचाळीस अंशांत उंच राहील. दोन्ही कोपरांखाली एकेक छोटी उशी असली की खांद्यांवर ओढ येत नाही. घरात बैठ्या पद्धतीचाच संडास असेल तर खाली उघडी असणारी कमोड खुर्ची बाजारात मिळते, ती आणून ठेवावी. उकिडवे बसून भिंतीच्या किंवा नळाच्या आधाराने उठणे म्हणजे हात ओढूनच उठणे होय.

दुसरी गोष्ट उंचीची. रोज लागणारी प्रत्येक वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात आणून ठेवावी. मोबाइलचा चार्जर, औषधे, पाण्याची छोटी बाटली, कंगवा, चहा-साखरेचे डबे, देवघरातील उदबत्ती, काहीही फळीवर किंवा माळ्यावर राहू देऊ नये. पाण्याची बाटली अर्ध्या लिटरची असावी आणि तिचे झाकण आधीच सैल करून ठेवावे. घट्ट झाकण फिरवतानाही छातीचा स्नायू आवळतो, हे शस्त्रक्रियेनंतरच लक्षात येते.

तिसरी तयारी माणसांची आहे आणि तीच बहुतेक घरांत राहून जाते. निदान पहिले दोन आठवडे स्वयंपाक, धुणे, झाडलोट, पाणी भरणे आणि लहान मुलाला उचलणे ही कामे कोणाकडे जातील, हे नावासह ठरवून घ्यावे. ‘सासूबाई आहेतच’ किंवा ‘जाऊबाई बघतील’ एवढे पुरेसे नाही, त्यांना आधी विचारावे. शक्य असेल तर सुगीचे दिवस, गौरी-गणपती, गावची जत्रा किंवा घरातील लग्न यांच्या तोंडावर शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये, कारण पाहुण्यांनी भरलेल्या घरात कोणतीही गृहिणी पडून राहत नाही. अर्थात कर्करोगाच्या उपचारांत तारीख आपल्या हातात नसते, आणि तेथे सणासाठी उपचार पुढे ढकलणे योग्यही नाही.

आकार वाढवण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या पुष्कळ जणी घरी ‘गाठ काढली’ असे सांगतात. कोणाला काय सांगायचे, हा ज्या त्या स्त्रीचा अधिकार आहे. तरीही घरातील एका तरी विश्वासू माणसाला खरी गोष्ट ठाऊक असावी, आणि गावातील ज्या डॉक्टरांकडे ताप-खोकल्यासाठी आपण जातो त्यांना तर ती सांगायलाच हवी. छातीवरची सूज साधे गळू समजून कोणी सुई घातली किंवा चीर दिली, तर इम्प्लांट फाटू शकते.

दवाखान्यातून घरापर्यंत

बेळगाव शहरातील रुग्णाला घर गाठणे अवघड नाही. परंतु आपल्या भागातील पुष्कळ जण शस्त्रक्रियेसाठी बेळगावप्रमाणेच कोल्हापूर, मिरज किंवा हुबळीला जातात आणि परतीचा प्रवास लांबचा असतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत इम्प्लांटभोवती रक्त साचण्याचा धोका सर्वाधिक असतो आणि तसे झाल्यास तातडीने पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. म्हणून जांबोटी-कणकुंबीसारख्या जंगलपट्ट्यातील, विशेषतः पावसाळ्यात रस्ते बंद पडतात अशा गावांतील रुग्णांनी पहिल्या दोन रात्री शहरातील नातेवाइकांकडे काढाव्यात, असे मी आग्रहाने सुचवेन.

प्रवास चारचाकीनेच करावा. मोटारसायकलच्या मागे बसून गावच्या खड्ड्यांतून जाणे टाळावे. गाडीत सीटबेल्ट लावायचाच असतो, फक्त पट्टा आणि छाती यांच्यामध्ये मऊ उशी किंवा घडी केलेली शाल ठेवावी. महामार्गाने येत असाल तर तासाभराने गाडी थांबवून पाच मिनिटे पायी चालावे, म्हणजे पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. गाडीचे दार दुसऱ्याने उघडावे व लावावे.

निघण्यापूर्वी तीन गोष्टी हातात घ्याव्यात : डिस्चार्ज कार्ड, इम्प्लांटचे कार्ड आणि रात्री फोन उचलला जाईल असा क्रमांक. इम्प्लांटच्या कार्डावर कंपनीचे नाव, प्रकार, आकारमान आणि अनुक्रमांक असतो, व पुढे अनेक वर्षे त्याची गरज पडते. सीमाभागात आणखी एक अडचण संभवते. रात्रपाळीच्या परिचारिकेला मराठी नीट येत नसेल आणि घरात फोन करणाऱ्याला कन्नड येत नसेल, तर ऐन वेळी गोंधळ होतो. दिवसा तेथे असतानाच ‘रात्री कोणाशी बोलायचे’ हे विचारून घ्यावे आणि सर्व कागदांचे फोटो घरातील दोन मोबाइलमध्ये ठेवावेत.

पहिले काही दिवस : उठणे, चालणे, झोपणे

छातीवर घट्ट दाब, स्तन नेहमीपेक्षा वर चढल्यासारखे व कडक वाटणे, सूज, निळसर-पिवळे डाग, स्तनाग्राजवळ बधिरपणा किंवा मधूनच विजेचा चटका बसल्यासारखी कळ, हे सर्व या दिवसांत अपेक्षित आहे. इम्प्लांट स्नायूखाली बसवले असेल तर पहिले तीन ते पाच दिवस दुखणे अधिक असते आणि सकाळी उठताना आखडलेपण जास्त जाणवते. दोन बाजू सारख्या वेगाने बऱ्या होत नाहीत. एक स्तन थोडा वर, दुसरा थोडा खाली असे दिसले म्हणून पहिल्या आठवड्यात आरशासमोर निष्कर्ष काढू नये, कारण सूज उतरून इम्प्लांट आपल्या जागी बसायला साधारणपणे तीन महिने आणि कधी त्याहून अधिक काळ लागतो.

अंथरुणातून उठण्याची रीत आधीच एकदा करून पाहावी. उशांना टेकून बसलेल्या स्थितीत दोन्ही गुडघे वाकवावेत, टाचा गादीत रोवून नितंब थोडे थोडे कॉटच्या कडेकडे सरकवावेत, मग पाय खाली सोडून पावले जमिनीवर टेकवावीत. या सगळ्या वेळात दोन्ही हात पोटावर ठेवावेत. मदत करणाऱ्याने रुग्णाचा हात किंवा दंड धरून कधीही ओढू नये. आपला तळहात तिच्या दोन खांद्यांच्या मधोमध पाठीवर ठेवून पुढे आधार द्यावा. पाय खाली आल्यावर मिनिटभर बसावे, चक्कर येत नाही याची खात्री करावी आणि मगच मांड्यांच्या जोराने उभे राहावे. ही रीत अंगवळणी पडली की रात्री कोणाला उठवावे लागत नाही.

जागेपणी दर दोन-तीन तासांनी घरातल्या घरात किंवा अंगणात चार फेऱ्या माराव्यात आणि बसल्या जागी पावले वर-खाली हलवत राहावे. दीर्घ श्वासही घ्यावेत. दुखते म्हणून उथळ श्वास घेत राहिल्यास फुफ्फुसांत कफ साचतो. कोपर, मनगट आणि बोटे पहिल्या दिवसापासून मोकळेपणाने हलवावीत, खांदे हळुवार फिरवावेत, मात्र कोपर खांद्याच्या वर नेऊ नये. काही बायका भीतीने हात छातीशी आवळूनच ठेवतात आणि मग खांदा आखडतो. काखेतील गाठी काढलेल्या रुग्णांत हे अधिक घडते, म्हणून भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढण्याचा व्यायाम कधी सुरू करायचा हे सर्जन किंवा फिजिओथेरपिस्टना पहिल्याच तपासणीत विचारावे.

झोप पाठीवरच घ्यावी. कुशीवर वळणे साधारणपणे चार ते सहा आठवडे आणि पालथे झोपणे त्याहूनही अधिक काळ टाळावे लागते.

ड्रेन असेल तर

पुनर्रचनेनंतर बहुधा, आणि आकार वाढवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर क्वचित, जखमेतून एक बारीक नळी बाहेर काढून ती दाबता येणाऱ्या डबीला जोडलेली असते. आत साचणारे रक्त व पाणी ओढून घेणे हे तिचे काम. डबी दाबलेल्या स्थितीत राहिली तरच ती ओढते, एवढे समजले की बाकीचे सोपे आहे.

दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, डबी रिकामी करावी. आधी साबणाने हात धुऊन स्वच्छ पंचाला पुसावेत. डबी उभी धरून तिच्यावरील खुणांनुसार किती मिलिलिटर द्रव आहे ते पाहावे, नळीला क्लिप असल्यास ती लावावी, झाकण उघडून द्रव मापाच्या कपात ओतावा. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नये. नंतर डबी टेबलावर ठेवून तळहाताने पूर्ण दाबावी आणि दाबलेली असतानाच झाकण घट्ट बसवून क्लिप सोडावी. हे दाबण्याचे काम रुग्णाने करू नये, घरातील दुसऱ्या माणसाने करावे. द्रव संडासात ओतावा आणि पुन्हा हात धुवावेत. दोन्ही बाजूंना ड्रेन असतील तर डावा व उजवा यांची नोंद वेगळी ठेवावी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटीत तारखेखाली आकडे लिहिले तर हरवत नाहीत, आणि तपासणीला जाताना त्या पानाचा फोटो नेला की झाले.

सुरुवातीला द्रव लाल, मग गुलाबी आणि शेवटी फिकट पिवळा होत जातो. चोवीस तासांत वीस-तीस मिलिलिटरपेक्षा कमी द्रव सलग दोन दिवस आला की सर्जन सहसा ड्रेन काढतात. डबी नेहमी जखमेच्या खाली असावी, गाउनला आतून पिनेने अडकवावी किंवा कमरेला बांधलेल्या नाडीत अडकवावी. नळी मोकळी लोंबू दिली की दाराची कडी, खुर्चीचा हात आणि नातवंडे या तिघांपैकी कोणीतरी ती ओढतेच. द्रव अचानक बंद झाला आणि त्याच वेळी स्तन फुगू लागला तर नळी तुंबली असण्याची शक्यता असते. तेव्हा दवाखान्याला फोन करावा.

औषधे, जेवण आणि मिश्री

लिहून दिलेली अँटिबायोटिकची गोळ्यांची पट्टी बरे वाटले म्हणून अर्ध्यावर सोडू नये. वेदनाशामक पहिले दोन-तीन दिवस वेळेवर घ्यावे. दुखणे असह्य होईपर्यंत थांबल्यास ते आटोक्यात यायला अधिक वेळ लागतो. मात्र दुकानातून स्वतःच्या मनाने आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन आणू नये, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच, म्हणून ती दुहेरी होत नाही ना हेही पाहावे. रक्त पातळ करणारी, मधुमेहाची किंवा आयुर्वेदिक औषधे चालू असतील तर ती केव्हा सुरू करायची हे डिस्चार्जच्या वेळी लिहून घ्यावे. गुंगी आणणाऱ्या गोळ्या चालू असेपर्यंत स्कूटीला हात लावू नये.

जेवणाच्या बाबतीत आपल्याकडे उलटे पथ्य फार चालते. जखम चिघळेल म्हणून अंडी, डाळ, वांगे, आंबट सर्व बंद करून रुग्णाला नुसता मऊ भात आणि चहा-बिस्किटे दिली जातात. जखम भरण्यासाठी प्रथिने लागतात. अंडी, मुगाची किंवा तुरीची डाळ, मोड आलेली मटकी, हुलग्याचे माडगे, दूध, दही, मासे, यांतले जे घरात चालते ते रोज पोटात गेले पाहिजे. वेदनाशामकांमुळे बद्धकोष्ठ होते आणि कुंथताना छातीवर ताण येतो. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पेरू, पपई आणि भरपूर पाणी यांनी बहुधा भागते, नाहीतर डॉक्टरांकडून सौम्य औषध घ्यावे. भेटायला येणाऱ्यांनी आणलेला कुंदा किंवा करदंट चवीपुरता खायला हरकत नाही, मधुमेह असेल तर तोही नको.

आता मिश्रीविषयी. आपल्या भागात, निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात तर विशेष, पुष्कळ स्त्रिया सकाळी दात घासण्याच्या निमित्ताने मिश्री लावतात आणि दिवसातून आणखी दोन-तीनदा तिची तलफ भागवतात. डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का’ असे विचारल्यावर त्या मनापासून ‘नाही’ म्हणतात. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. तिच्यातील निकोटिनमुळे त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला पुरेसे रक्त मिळत नाही, टाक्यांची कड काळी पडू शकते, आणि स्तन काढून त्याच त्वचेखाली इम्प्लांट बसवलेले असेल तर ती त्वचा मरून इम्प्लांट उघडे पडण्याची वेळ येते. शस्त्रक्रियेपूर्वी निदान चार आठवडे आणि नंतरही तितकेच दिवस मिश्री, गुटखा, विडी पूर्ण बंद हवी. घरात विडी ओढणाऱ्यांनीही बाहेर जावे. एवढे एक पथ्य पाळले गेले तर इतर काही चुकांकडे मी काणाडोळा करीन.

आंघोळ, कपडे आणि जखम

आंघोळ केव्हा करायची हे ड्रेसिंगच्या प्रकारावर अवलंबून असते. अनेक सर्जन एक-दोन दिवसांनी परवानगी देतात, ड्रेन असेपर्यंत काही जण कमरेखालीच आंघोळ व वर ओल्या पंचाने पुसणे सांगतात. कोणत्याही परिस्थितीत बंबातून पाणी काढणे, बादली उचलणे आणि डोक्यावर तांब्या ओतणे ही तिन्ही कामे रुग्णाने करू नयेत. न्हाणीत पाटाऐवजी उंच प्लास्टिकचे स्टूल ठेवावे, बादली दुसऱ्याने भरून शेजारच्या स्टुलावर ठेवावी आणि केस दुसऱ्याकडून धुऊन घ्यावेत. पाणी कोमट असावे. स्तनाची त्वचा बधिर असल्यामुळे कढत पाण्याचा चटका बसला तरी कळत नाही, आणि याच कारणाने गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक किंवा थेट बर्फ छातीवर कधीच ठेवू नये. शेकल्याने सूज उतरते या समजुतीपायी फोड येऊन इम्प्लांट धोक्यात येते. जखमेवर हळद, खोबरेल तेल, राख किंवा झाडपाल्याचा लेप लावू नये. विहिरीत, नदीवर किंवा तलावात उतरणे जखम पूर्ण भरेपर्यंत बंद.

कपडे पुढून उघडणारे असावेत. पुढे बटणे असलेला सैल गाउन सर्वांत सोयीचा आहे. दवाखान्यातून दिलेली सर्जिकल ब्रा पुढून लागणारी व तारेशिवाय असते आणि ती साधारणपणे चार ते सहा आठवडे रात्रंदिवस घालायची असते. तशा दोन घेऊन ठेवाव्यात. खानापूरच्या पावसात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आणि दमट ब्रा घातल्यास टाक्यांखाली पुरळ उठते. दोरीवरून काढल्यावर तिला इस्त्री फिरवावी.

केव्हा सकाळची वाट पाहू नये

एक स्तन दुसऱ्यापेक्षा काही तासांत झपाट्याने फुगला, दगडासारखा कडक झाला आणि दुखणे गोळीने हटेना, तर आत रक्त साचले असण्याची शक्यता आहे. ड्रेनमध्ये अचानक ताजे लालभडक रक्त येऊन डबी तासा-दोन तासांत भरू लागली तरी तेच समजावे. त्वचा किंवा स्तनाग्र काळपट पडत गेले, टाके उसवून आतले इम्प्लांट दिसू लागले, तर निर्जंतुक किंवा स्वच्छ ओले कापड झाकून तत्काळ दवाखाना गाठावा. दम लागणे, छातीत श्वासाबरोबर टोचणे, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे ही रक्ताची गुठळी झाल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी आधी 108 ला फोन करावा आणि मग सर्जनना.

संसर्ग बहुधा इतक्या वेगाने येत नाही. घरात डिजिटल थर्मामीटर असावा. ताप 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक आला, स्तनाची लाली पसरत चालली, तो भाग गरम लागू लागला, टाक्यांतून पू किंवा दुर्गंधीयुक्त पाणी आले, तर त्याच दिवशी दाखवावे. गावात इंजेक्शन घेऊन दोन दिवस पाहू, असे करू नये. इम्प्लांट ही शरीराबाहेरची वस्तू असल्याने तिच्यावर चिकटलेले जंतू साध्या औषधांना दाद देत नाहीत, आणि वेळीच उपचार न झाल्यास इम्प्लांट काढूनच टाकावे लागते. कॅलेंडरवर तारीख पाहून पुढच्या तपासणीची वाट पाहणारी माणसे आपल्याकडे फार आहेत.

याउलट आठवडाभरानंतर आतून पाणी हलल्यासारखा आवाज, थोडी खाज, मधूनच चमक, संध्याकाळी वाढणारी सूज यांसाठी रात्री धावपळ करण्याचे कारण नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी विनाकारण रडू येणे किंवा ‘हे उगाच केले’ असे वाटणे हेही अनेकींना होते. कर्करोगानंतर पुनर्रचना केलेल्या स्त्रीला नवा स्तन परका वाटू शकतो आणि तिने कृतज्ञच असावे अशी अपेक्षा घरच्यांनी ठेवू नये. उदासी दोन आठवड्यांहून अधिक राहिली, झोप व भूक गेली, तर डॉक्टरांना सांगावे.

कामाला कधी लागावे

टेबलावर बसून करायचे काम असेल तर आकार वाढवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक जणी एक ते दोन आठवड्यांत कामावर जातात. पुनर्रचनेनंतर चार ते आठ आठवडे धरावेत. सुरुवातीला अडीच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये. भरलेली कळशी, कुकर, तान्हे बाळ, धान्याचा डबा, हे सारे त्याहून जड असते. मुलाला जवळ घ्यायचे असेल तर आपण बसावे आणि दुसऱ्याने ते मांडीवर द्यावे.

घरकाम परत सुरू करताना क्रम पाहावा. भाजी निवडणे, ताट वाढणे, घड्या घालणे, फोडणी देणे ही कामे कोपर अंगालगत ठेवून होतात, ती दुसऱ्या आठवड्यापासून थोडी थोडी करता येतात. पीठ मळणे, भाकरी थापणे, पाट्यावर वाटणे, धुणे आपटणे-पिळणे आणि लांब दांड्याने जाळी काढणे यांत छातीचा स्नायू पूर्ण वापरला जातो, म्हणून ती सहा आठवड्यांनंतर आणि सर्जनने होकार दिल्यावरच करावीत. भाकरी थापताना तळहात परातीवर फिरतो तेव्हा जोर खांद्यापासून येतो, हे बसून एकदा पाहिले म्हणजे पटेल. निपाणीकडे घरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांचे काम वरवर बसून करायचे असले तरी त्यात तंबाखूची धूळ असते, म्हणून जखम भरेपर्यंत ते नको. वडगाव-शहापूरच्या मागावर काम करणाऱ्या स्त्रियांनी आणि ऊस-भाताच्या शेतात जाणाऱ्यांनी सहा आठवड्यांच्या आत हो म्हणू नये, मालक कितीही घाई करो.

बसने तपासणीला जाताना आणखी एक सावधगिरी हवी. शक्ती योजनेमुळे कर्नाटक परिवहनच्या साध्या बसमध्ये राज्यातील स्त्रियांना तिकीट पडत नाही, ही सोय मोठीच आहे, पण गर्दीही तशीच असते. उभे राहून वरचा दांडा धरावा लागणार असेल तर ती बस सोडून द्यावी. स्वतः गाडी चालवणे दोन-तीन आठवड्यांनी, वेदनाशामक बंद झाल्यावर आणि अचानक ब्रेक दाबता व हँडल वळवता येते अशी खात्री झाल्यावर सुरू करावे. पती-पत्नीसंबंधही साधारण त्याच सुमारास, छातीवर भार न येता, सुरू करता येतात.

पुढची वर्षे

टाक्यांचा वण वर्षभर बदलत राहतो. जखम पूर्ण बंद झाल्यावर सर्जनच्या सल्ल्याने सिलिकॉन जेल किंवा पट्टी लावावी, उन्हापासून जपावे, आणि पूर्वी कान टोचल्यावर किंवा लस घेतल्यावर वण फुगला असेल तर ते आधीच सांगावे. इम्प्लांटची मालिश सर्वांसाठी नसते; सांगितली तरच, दाखवली तशीच करावी.

इम्प्लांट आयुष्यभराचे नसते. काही वर्षांनी त्याभोवतीची पापुद्र्यासारखी पेशीजालाची पिशवी आवळली जाऊन स्तन कडक व वेडावाकडा होऊ शकतो, किंवा जेलचे इम्प्लांट आतल्या आत फाटू शकते, आणि तसे फाटलेले बाहेरून कळतही नाही. म्हणून अमेरिकेतील औषध नियामक संस्था सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटसाठी पाच ते सहा वर्षांनी पहिली आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय सुचवते. खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित एक प्रकारचा लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग) होतो. 2019 मध्ये ॲलर्गन कंपनीने आपली बायोसेल प्रकारची इम्प्लांट याच कारणाने जगभरातून परत मागवली. शस्त्रक्रियेला वर्ष उलटून गेल्यावर एक स्तन अकारण सुजला किंवा काखेत गाठ लागली तर तपासून घ्यावे. मॅमोग्राफीला (स्तनाच्या एक्स-रे तपासणीला) गेल्यावर तंत्रज्ञाला इम्प्लांट असल्याचे आधीच सांगावे, म्हणजे इम्प्लांट मागे सारून वेगळ्या पद्धतीने चित्रे घेता येतात. अशा प्रत्येक वेळी ते इम्प्लांटचे कार्ड विचारले जाईल. त्याची एक झेरॉक्स आधार कार्डासोबत आणि एक माहेरी ठेवावी.